मुलं कुणाची? अल्जीरियाचा दुष्काळ आणि आर्चबिशप लाव्हिजेरी

आपल्याकडे पूर्वी धान्य पेवात ठेवत. अल्जीरियातही तीच रीत होती. जमिनीत खोल खड्डा, कडेला काड, वरून लिंपलेलं तोंड. त्याला तिथे मत्मोरा म्हणत. चांगल्या सालचा गहू आणि जव त्यात पुरायचा, वाईट साल आलं की काढायचा. पाऊस तिथे कधीच भरवशाचा नव्हता, त्यामुळे पेव भरलेलं असणं ही चैन नव्हती, जगायची अटच होती. १८६७ च्या हिवाळ्यात लोकांनी पेवं उघडली तेव्हा बहुतेकांत काही उरलं नव्हतं.

एका बिशपच्या गोष्टीची सुरुवात सहसा अशी होत नाही. जन्म, सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा), दीक्षा अशा क्रमाने ती येते. पण आर्चबिशप शार्ल लाव्हिजेरी यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण या रिकाम्या पेवांवरून पेटलं, आणि पेवं का रिकामी झाली हे पाहिल्याशिवाय त्या भांडणात कोण किती खरं बोलत होतं ते कळत नाही.

फ्रेंचांनी अल्जियर्स १८३० साली घेतलं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत चांगल्या जमिनी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांकडे गेल्या आणि टोळ्या डोंगराकडे, कोरड्या पट्ट्यांकडे सरकल्या. कर रोख पैशांत भरायचा होता. १८५१ च्या कायद्याने अल्जीरियाचं धान्य फ्रान्समध्ये जकातीविना जाऊ लागलं. म्हणजे करासाठी रोकड हवी आणि बंदरावर गिऱ्हाईक उभं. पेवातलं धान्य बाजारात गेलं. अडीनडीला सावकार होताच, त्याचा दर आपल्याकडच्या सावकाराला लाजवेल असा. १८६३ च्या फर्मानाने टोळ्यांना त्यांच्या जमिनीची मालकी कागदावर मिळाली खरी, पण कागदावर आलेली सामायिक जमीन पुढे तुकड्यातुकड्याने विकताही येते, हे वसाहतवाल्यांनी ओळखलं होतं.

मग निसर्गाने उरलंसुरलं पुरं केलं. १८६६ ला टोळधाड आली. २ जानेवारी १८६७ ला ब्लिदाच्या बाजूला भूकंप झाला. त्या वर्षी पाऊस गेला, पटकी आली, हिवाळा कडक पडला आणि त्यामागून टायफस, उवांतून पसरणारा ताप. १८६६ च्या जनगणनेत अल्जीरियाची मुस्लिम लोकसंख्या सुमारे साडेसव्वीस लाख होती, १८७२ मध्ये ती सव्वाएकवीस लाखांच्या आसपास आली. मधल्या १८७१ च्या उठावाचे बळी यात आहेत, पण मोठा वाटा दुष्काळ आणि रोगांचा. लोक रस्त्याने किनाऱ्यावरच्या शहरांकडे चालत निघाले. मोठी माणसं वाटेत पडत गेली आणि मुलं पुढे येत राहिली.

दारात कोण आलं

लाव्हिजेरी अल्जियर्सला उतरले ते मे १८६७ मध्ये. वय एक्केचाळीस. जन्म बायोनजवळचा, वडील जकात खात्यात. पॅरिसला सेंट सुल्पिसच्या सेमिनरीत शिकून ते धर्मगुरू झाले आणि सोरबोनमध्ये चर्चचा इतिहास शिकवू लागले. ग्रंथालयात रमून गेले असते तर विद्वान म्हणून नाव झालं असतं. पण त्यांच्याकडे पूर्वेकडच्या ख्रिस्ती शाळांना मदत करणाऱ्या संस्थेचं काम आलं, आणि १८६० साली लेबनॉन-सीरियात तिथल्या मारोनी पंथाच्या ख्रिस्त्यांची कत्तल झाली तेव्हा मदतीचा पैसा घेऊन ते स्वतः तिकडे गेले.

दमास्कसमध्ये त्यांची गाठ अमीर अब्द अल-कादिरशी पडली. हा तोच अमीर, ज्याने अल्जीरियात फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढा दिला आणि १८४७ ला शरण आला. दमास्कसच्या दंगलीत त्याने हजारो ख्रिस्त्यांना आपल्या लोकांकरवी वाचवलं होतं. ज्याचा देश फ्रान्सने घेतला त्याने ख्रिस्त्यांचे जीव राखले आणि एका फ्रेंच पाद्र्याने त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. या भेटीची आठवण लाव्हिजेरींना पुढे अल्जीरियात व्हायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं. त्यांचं १८६८ चं पत्र वाचताना ती झाली होती असं दिसत नाही.

१८६३ ला ते नान्सीचे बिशप झाले. नोव्हेंबर १८६६ मध्ये अल्जियर्सचे बिशप पावी वारले. गव्हर्नर-जनरल मार्शल मॅकमहॉन यांनी स्वतः लाव्हिजेरींना पत्र लिहून ती जागा देऊ केली. फ्रान्समधला मोठा धर्मप्रांत सोडून आफ्रिकेत कोण जाणार, असा तो काळ. लाव्हिजेरींनी लगोलग होकार कळवला. अल्जियर्सला त्याच सुमारास आर्चबिशपच्या पीठाचा दर्जा मिळाला होता. मॅकमहॉन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, क्रिमियात मालाकोफचा किल्ला घेणारे, माजेंताच्या लढाईचे वीर. या दोघांचं दीड वर्षात इतकं बिनसेल असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल.

सरकारची भूमिका

फ्रेंच राज्य कॅथलिक होतं, मग आर्चबिशपला धर्मप्रसार करू द्यायला सरकारची हरकत का असावी? आपल्याला हे कोडं पडू नये. १८५८ चा राणीचा जाहीरनामा आठवावा. सत्तावनाची आग विझते न विझते तोच इंग्रजांनी रयतेच्या धर्मात हात घालणार नाही असं जाहीर केलं होतं. फ्रेंचांनी तर पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं. ५ जुलै १८३० ला अल्जियर्सच्या शरणागतीचा जो करार झाला त्यात मुसलमानांचा धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य राहील असं कलम आहे. दोनच वर्षांत केचावा मशिदीचं कॅथेड्रल झालं ही गोष्ट वेगळी. पण लष्करी अधिकाऱ्यांना गावोगावचा राग माहीत होता. पाद्री वाड्यावस्त्यांवर फिरू लागले तर जिहादची हाक उठेल, ही भीती खरी होती.

शिवाय वर नेपोलियन तिसरा बसला होता आणि त्याच्या डोक्यात अरब राज्याची कल्पना होती. आपण जसे फ्रेंचांचे तसे अरबांचेही सम्राट आहोत, असं त्याने १८६३ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं. वसाहतवाल्यांना हे अजिबात रुचलं नव्हतं. टोळ्यांचा कारभार लष्कराच्या ‘अरब कचेऱ्या’ पाहत. तिथल्या अधिकाऱ्यांना अरबी येई, आणि त्यांतले बरेच जण टोळ्यांच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्याला दारात उभं करत नसत. थोडक्यात, लष्कर आणि वसाहतवाले यांच्यात आधीच ओढाताण होती आणि आर्चबिशप त्या ओढाताणीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

मुलं

नोव्हेंबर १८६७ पासून लाव्हिजेरींनी रस्त्यावरची मुलं आत घ्यायला सुरुवात केली. आधी काही मोजकी, मग डझनांनी, मग मोजदाद ठेवणं कठीण झालं. आर्चबिशपच्या घरात, सेंट यूजीनच्या छोट्या सेमिनरीत, बेन अक्नूनच्या जेसुइटांच्या अनाथालयात, जिथे छप्पर मिळेल तिथे. पुढे अल्जियर्सच्या पूर्वेला मेझों-कारेला, म्हणजे आजच्या एल हराशला, त्यांनी मोठी जमीन घेतली आणि मुलांना तिकडे नेलं. काही महिन्यांत सगळी मिळून सतराशे-अठराशे मुलं झाली.

याला पैसा लागतो. लाव्हिजेरींनी फ्रान्समधल्या वर्तमानपत्रांना आणि बिशपांना पत्रं लिहिली, दुष्काळाचं वर्णन केलं, हात पसरला. मदत आली. सरकारला मात्र ते झोंबलं, कारण तोपर्यंत गव्हर्नरच्या कचेरीतून परिस्थिती हाताबाहेर नाही असाच सूर निघत होता. बिशपच्या पत्रांनी तो सूर पॅरिसमध्ये खोटा पाडला. या एका गोष्टीचं श्रेय लाव्हिजेरींना निःशंक द्यायला हवं. लाखो माणसं मरत असताना सरकारी अहवालाच्या बाहेर ती बातमी नेणारे त्यांच्याएवढा मोठा आवाज असलेले फार जण नव्हते.

मुलं आली ती टायफस घेऊन आली. कित्येकशे मेली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर आणि धर्मगुरूंमधलेही काही गेले. मरणाच्या दारातल्या मुलांना बाप्तिस्मा दिला जाई. बाकीच्यांना देऊ नये, मोठी होऊन त्यांनी स्वतः ठरवावं, असं लाव्हिजेरींचं म्हणणं होतं. पण मुलं राहत होती सिस्टरांच्या छत्राखाली, प्रार्थनेच्या घंटेवर उठत होती, जेवण त्या हातचं होतं. अशा ठिकाणी वाढलेलं सात वर्षांचं पोर पुढे ‘स्वतः’ काय ठरवणार? आपल्याकडे याला सरळ बाटवणं म्हणतात. तो शब्द मला इथे पुरता लागू वाटत नाही, पण तो ज्यांच्या तोंडी आला असता ते चुकीचंच बोलत होते असंही म्हणवत नाही.

६ एप्रिल १८६८

या तारखेच्या पत्रात लाव्हिजेरींनी मदत मागायच्या निमित्ताने राज्यकारभारावरच बोट ठेवलं. त्यांचा आशय असा की या लोकांना त्यांच्या कुराणात कोंडून ठेवण्याचं धोरण बस झालं. फ्रान्सने त्यांना शुभवर्तमान द्यावं, निदान आम्हाला देऊ द्यावं, नाहीतर त्यांना सुधारलेल्या जगापासून दूर वाळवंटात हाकलून द्यावं.

शेवटचं वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागतं. उपाशी पोरांना मांडीवर घेणारा माणूस त्याच पोरांच्या आईबापांविषयी हे लिहितो. दुष्काळाचं खापर त्यांनी फोडलं ते अरबांच्या सामायिक जमिनीच्या पद्धतीवर, त्यांच्या आळसावर, त्यांच्या दैववादावर आणि या सगळ्याला पाठीशी घालणाऱ्या लष्करी राजवटीवर. जमिनी कुणी घेतल्या, रोख करामुळे काय झालं, पेवातलं धान्य मार्सेच्या बोटीत कसं चढलं, यावर अवाक्षर नाही. उलट तोडगा म्हणून ते वसाहतवाल्यांना मोकळा हात द्यायला सांगतात. वसाहतवाल्यांची वर्तमानपत्रं खूश झाली, त्यात नवल नाही. त्यांना धर्मप्रसाराशी काही देणंघेणं नव्हतं, कित्येक तर चर्चच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. पण लष्कराला झोडपायला आयता आर्चबिशप मिळाला होता.

मॅकमहॉन संतापले. त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, अशा पत्रांनी मुसलमान प्रजा चिथावली जाते, ती थांबवा. दोन, आता पीक हाताशी आलं की ही मुलं त्यांच्या टोळ्यांकडे परत पाठवा. कुणाचा चुलता असेल, कुणाची आत्या असेल, टोळीत पोरकं पोर वाऱ्यावर राहत नाही.

लाव्हिजेरींनी नकार दिला. आईबाप मेले, नातेवाईकांनी टाकली, मी वाचवली, आता ती माझी. त्यांच्या उत्तराचा गाभा हाच होता. सम्राटाने मधे पडून त्यांना पत्र लिहिलं त्याचा आशय प्रसिद्ध आहे. अल्जीरियातल्या दोन लाख कॅथलिक वसाहतवाल्यांची नीतिमत्ता सुधारणं हेच तुमचं मोठं काम आहे, अरबांना शिस्त लावणं आणि आमच्या सत्तेची सवय करणं हे गव्हर्नर-जनरलवर सोडा. या उत्तरात राजकारण आहे, आणि थोडी खवचट गंमतही. तुमच्या स्वतःच्या माणसांना आधी ख्रिस्ती करा, असं सम्राट एका आर्चबिशपला सुनावत होता.

लाव्हिजेरी फ्रान्सला गेले. तिथे त्यांना लिओंच्या आर्चबिशपचे सहायक होण्याची जागा देऊ करण्यात आली. लिओं म्हणजे फ्रान्समधलं पहिल्या मानाचं पीठ. ही बढती होती आणि अल्जीरियातून उचलबांगडीही. त्यांनी ती नाकारली. हे नाकारणं सोपं नव्हतं, महत्त्वाकांक्षा त्यांच्यात भरपूर होती. शेवटी मे १८६८ मध्ये युद्धमंत्री मार्शल नीएल यांचं पत्र सरकारी गॅझेटात छापून आलं. आर्चबिशपांनी सुरू केलेल्या दयाकार्याच्या संस्थांना आडकाठी करण्याचा सरकारचा हेतू नाही, असा त्याचा मथितार्थ. मॅकमहॉन आपल्या जागी राहिले, मुलं बिशपकडे राहिली. दोघांनीही आपणच जिंकलो असं म्हणण्याची सोय होती, पण खरे जिंकले लाव्हिजेरी.

या सगळ्या पत्रव्यवहारात एक पक्ष नाही. चुलते, आत्या, टोळीचे शेख यांचं म्हणणं कुणी विचारलेलं दिसत नाही. मॅकमहॉन त्यांच्या वतीने बोलत होते ते राज्य शांत राहावं म्हणून. तरीही मला विचाराल तर त्या एका मुद्द्यावर, मुलं परत पाठवायच्या मुद्द्यावर, मार्शलचं म्हणणं अधिक रास्त होतं, निदान ज्यांचं कुणी जिवंत होतं त्या मुलांपुरतं. काहींचे नातेवाईक शोधत आले आणि मुलं घेऊन गेले, काही मुलं स्वतःच पळाली. मेलेली आणि गेलेली वजा जाता हजाराच्या आसपास उरली.

वस्ती

उरलेल्यांचं पुढे काय करायचं? मुलगे मोठे होऊ लागले, मुली मोठ्या होऊ लागल्या. ख्रिस्ती झालेला अरब तरुण गावात परत गेला तर त्याला मुलगी कोण देणार, आणि गोऱ्या वस्तीत तर त्याला माणसात धरणार नाहीत. लाव्हिजेरींनी याचं उत्तर एखाद्या शेतकरी बापाच्या व्यवहारीपणाने काढलं. अनाथ मुलांची अनाथ मुलींशीच लग्नं लावायची आणि त्यांना घर, जमीन, बैल देऊन वेगळं गाव वसवायचं. अल्जियर्स ते ओरान रेल्वेमार्गावर, शेलिफ नदीच्या खोऱ्यात अत्ताफ इथे अशी दोन गावं उभी राहिली. एकाचं नाव सेंट सिप्रियन, दुसऱ्याचं सेंट मोनिका. १८७६ ला तिथे रुग्णालयही झालं आणि ते आसपासच्या मुसलमानांसाठी खुलं होतं.

या नावांत लाव्हिजेरींचं सगळं स्वप्न आहे. सिप्रियन म्हणजे तिसऱ्या शतकातला कार्थेजचा, आजच्या ट्युनिसजवळच्या त्या जुन्या शहराचा, बिशप. मोनिका म्हणजे संत ऑगस्टीनची आई. ऑगस्टीनचा जन्म आजच्या सूक अहरासचा, आणि तो बिशप होता हिप्पोचा, म्हणजे आजच्या अन्नाबाचा. अरब येण्याआधी हा मुलूख ख्रिस्ती होता, आम्ही परके नाही, जुन्या घरी परत आलो आहोत, असं ते मानत. इतिहासाचा प्राध्यापक आर्चबिशप झाला की असं होतं. पंधराशे वर्षांपूर्वीच्या सातबाऱ्यावर तो हक्क सांगायला लागतो.

गावं टिकली, पण वाढली नाहीत. चहूबाजूंना मुसलमान टोळ्या, मधे ही काही डझन ख्रिस्ती अरब घरं. त्यांची सोयरीक आपसातच. शेजाऱ्यांच्या लेखी ती बाटलेली आणि फ्रेंचांच्या लेखी अरबच. सगळ्या अरबांना ओढून आणेल असा आदर्श म्हणून वसवलेलं गाव बेट होऊन बसलं.

हक्क मिळाला, वापरला नाही

या प्रकरणातली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट इथून पुढे आहे.

मुलांना सांभाळायला माणसं हवी होती. जानेवारी १८६८ मध्ये कूबाच्या सेमिनरीतून तीन तरुण लाव्हिजेरींपुढे उभे राहिले, आम्हाला आफ्रिकेच्या कामाला घ्या म्हणून. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात एल बियारला उमेदवारांचं पहिलं घर सुरू झालं. हेच पुढे ‘व्हाइट फादर्स’ म्हणून जगभर ओळखले गेले. पुढच्या वर्षी ब्रिटनीतून मुली आल्या आणि सिस्टरांचाही संघ झाला. वेश ठरला तो अल्जीरियातल्या माणसांचाच. गांदुरा म्हणजे लांब पांढरा झगा, वर बुर्नुस हा पायघोळ अंगरखा, डोक्याला शेशिया ही लाल टोपी, आणि गळ्यात फकिरासारखी माळ, फक्त ती रोझरीची. लोकांची भाषा बोलायची, त्यांचं अन्न खायचं, त्यांच्यासारखं झोपायचं. आणि कुठल्याही ठाण्यावर तिघांपेक्षा कमी राहायचं नाही.

१८७३ ला हे फादर अल्जियर्सच्या पूर्वेकडच्या कबीलियाच्या डोंगरात गेले, तागमूंत अझूझ वगैरे गावांत. मधे बरंच काही घडून गेलं होतं. प्रशियाशी हरून साम्राज्य कोसळलं, लष्करी कारभार संपला, वसाहतवाल्यांच्या हाती सत्ता आली. १८७१ ला मोक्रानी या सरदाराच्या नेतृत्वाखाली कबीलिया उठली आणि चिरडली गेली. लाखो हेक्टर जमीन जप्त झाली, साडेतीन कोटी फ्रँकांहून अधिक दंड बसला. १८७३ च्या वार्निए कायद्याने उरलेल्या सामायिक जमिनी फोडायचा मार्ग मोकळा केला. १८६८ च्या पत्रात लाव्हिजेरींनी ज्या लष्कराला झोडपलं होतं, ते किती का अर्धवट असेना, या लोकांपुढचा बांध होतं. तो बांध एका पत्राने फुटला नाही, पण त्यावरच्या कुदळींत एक त्यांचीही होती.

आता धर्मप्रसाराला अडवणारं कुणी उरलं नव्हतं असं नाही, नवे सत्ताधारीही पाद्र्यांवर खूश नव्हते. पण कबीलियात जाणाऱ्या फादरांवर सगळ्यात कडक बंदी आली ती खुद्द लाव्हिजेरींची. धर्माविषयी बोलायचं नाही. बाप्तिस्मा द्यायचा नाही. मुलांना आईबापांपासून तोडून ख्रिस्ती करायचं तर नाहीच नाही. शाळा चालवा, औषधं द्या, भाषा शिका, आणि थांबा. एकेकटा माणूस ख्रिस्ती झाला तर तो आपल्या लोकांतून उठतो, पुढे जगूच शकत नाही. यायचे तर घरंच्या घरं, गावंच्या गावं येऊ देत, तोवर वाट पाहा. ज्यांना यायचंच असेल त्यांच्यासाठी त्यांनी प्राचीन चर्चमधली जुनी पद्धत परत आणली आणि तयारीची मुदत चार वर्षांची ठेवली.

ज्या हक्कासाठी त्यांनी मार्शलशी, सम्राटाशी वैर घेतलं, तो हक्क हाती आल्यावर त्यांनी स्वतःच कुलूपबंद करून ठेवला. हे शहाणपण त्यांना ग्रंथांतून आलं नाही, ते अत्ताफच्या घरांनी शिकवलं. आईबापांवाचून, गावावाचून ख्रिस्ती झालेली मुलं कशी एकटी पडतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपली चूक झाली असं त्यांनी जाहीरपणे लिहिलेलं मला ठाऊक नाही. पण त्यांच्या सूचना वाचल्या की मॅकमहॉनच्या युक्तिवादातला बराचसा भाग त्यात उतरलेला दिसतो, सहीच तेवढी वेगळी.

आपल्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात घेऊन आल्या. अहमदनगर जिल्ह्यातही मिशनच्या अनाथालयांत दुष्काळातली मुलं भरली होती. तेव्हाही हेच दोन आवाज उठले. कुणी म्हणालं जीव वाचवले, कुणी म्हणालं बाटवलं. फरक एवढा की रमाबाई त्याच भूमीतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या, आणि स्वतः लहान वयात दुष्काळात आईबाप गमावलेल्या. १८७० च्या दशकातला त्यांचा तो प्रवास मराठी वाचकाला माहीत आहे. लाव्हिजेरींच्या दयेत खोट नव्हती, पण त्यांच्या पाठीशी तोफा असलेलं राज्य होतं, आणि दुष्काळाला तेच राज्य बऱ्याच अंशी कारण होतं. अशा वेळी वाढलेल्या ताटाची चव बदलते, वाढणाऱ्याचा हात कितीही स्वच्छ असो.

लाव्हिजेरींचं पुढचं आयुष्य मोठं आहे, या प्रकरणाच्या मानाने ते मी भरभर सांगतो. १८७६ मध्ये टिंबक्टूच्या वाटेवर त्यांचे तीन फादर सहारात मारले गेले, १८८१ ला आणखी तीन. १८७८ ला त्यांची माणसं पूर्व आफ्रिकेत निघाली आणि पुढच्या वर्षी युगांडात पोचली. तिथे चर्च वाढलं, अल्जीरियात नाही. १८८२ ला ते कार्डिनल झाले, १८८४ ला कार्थेजचे आर्चबिशप. १८८८ मध्ये पॅरिस, लंडन, ब्रसेल्स असं फिरत त्यांनी आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध युरोप हलवून सोडला. १२ नोव्हेंबर १८९० ला अल्जियर्समध्ये नौदलाच्या अधिकाऱ्यांपुढे पेला उंचावून त्यांनी फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक स्वीकारायला सांगितलं आणि निम्म्या कॅथलिक फ्रान्सच्या शिव्या खाल्ल्या. नोव्हेंबर १८९२ मध्ये अल्जियर्सला ते वारले, दफन कार्थेजला झालं.

अल्जियर्सच्या टेकडीवर नोत्र-दाम द'आफ्रिक हे बॅसिलिका, म्हणजे मानाचं मोठं चर्च, आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १८७२ ला, त्याचं अभिषेचन झालं. आत वेदीच्या वर फ्रेंचमध्ये लिहिलंय, आफ्रिकेच्या माते, आमच्यासाठी आणि मुसलमानांसाठी प्रार्थना कर. आजही तिथे पायऱ्या चढून मुसलमान बायका येतात.

ट्युनिसला मात्र वेगळीच आठवण उभी केली गेली. १९२५ हे लाव्हिजेरींचं जन्मशताब्दीचं वर्ष. फ्रेंचांनी त्यांचा पुतळा बसवला तो जुन्या शहराच्या वेशीसमोर, बाब अल-बहरपाशी, जिथून झैतूना मशिदीकडे गल्ली जाते. एका हातात ग्रंथ, दुसऱ्या हातात उगारलेला क्रॉस. झैतूना मशिदीतल्या विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काहींना अटक झाली. कबीलियाच्या डोंगरात धर्माचा शब्दही काढू नका असं ज्याने आपल्या फादरांना बजावलं, त्याला मेल्यावर तेहेतीस वर्षांनी वेशीत क्रॉस उगारून उभं राहावं लागलं. ट्युनिशिया १९५६ ला स्वतंत्र झाल्यावर तो पुतळा हलवला. १९६४ मध्ये कार्थेजहून त्यांचे अवशेषही रोमला नेण्यात आले.